वाडीवाल्याच्या वाढत्या कुटुंबास मोटार कोणती?

वसई तालुक्यांतील बागायतदाराच्या दारांत मोटारगाडी उभी असणें ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. गास, निर्मळ, गिरीज, भुईगांव, नंदाखाल, आगाशी या बाजूच्या ज्या रस्त्यांनीं पूर्वीं केळीचे लोंगर, पानांच्या करंड्या व भाजीच्या पाट्या बैलगाड्यांतून जात, त्याच रस्त्यांनीं आज शाळेचीं मुलें आणि दवाखान्यास निघालेलीं वृद्ध माणसें मोटारींतून जातांना दिसतात. तथापि मोटार घेण्याचा निर्णय ज्या रीतीनें घरोघर होतो, ती रीत आम्हांस समाधानकारक वाटत नाहीं. बैल घ्यावयाचा झाला तर आपला शेतकरी चार बाजार हिंडतो, दांत पाहतो, खूर पाहतो, जुंपून चालवून पाहतो. पंप घ्यावयाचा तर विहिरीची खोली आणि पाटाचें अंतर मोजतो. परंतु त्याहून कितीतरी पट रक्कम जिच्यांत गुंतवावयाची, ती मोटार मात्र शेजाऱ्यानें कोणती आणली एवढें पाहून ठरविली जाते. मोटार आपल्या वाडीला, आपल्या गल्लीला व आपल्या खातेवहीला बसते किंवा नाहीं, हें आधीं मोजावें कसें, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मोटारीची गरजच नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. बाप पुढें, त्याच्या पुढ्यांत एक मूल, मागें आई, तिच्या मांडीवर दुसरें, आणि चौघांवर मिळून एक प्लास्टिकचा कागद, अशी स्कूटर जुलैच्या पावसांत ज्यानें पाहिली नाहीं असा वसईकर विरळा. कै. रतन टाटा यांनीं अशाच एका दृश्यावरून आपणांस नॅनो मोटारीची कल्पना सुचल्याचें सांगितलें होतें. एक लाखाची मोटार म्हणून गाजलेली ही गाडी मार्च २००९ मध्यें बाजारांत आली आणि २०१८ सालीं तिचें उत्पादन थांबलें. तिच्या अपयशाचीं कारणें पुष्कळ सांगतात. वाडीवाल्याला त्यांतील एक पुरेसें आहे. पहिलीं सहा वर्षें त्या गाडीचें मागचें दारच उघडत नसे. सामान ठेवावयाचें तर मागचें आसन वाकवून आंतून ठेवावें लागे. ज्या घरांत रोज एखादी पाटी, एखादी गोणी इकडून तिकडे न्यावयाची असते, त्या घरास असली मोटार फुकट मिळाली तरी महागच.

त्यापूर्वींचा काळ आठवणारे वृद्ध वाचक असतील. कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघणारी प्रीमिअर पद्मिनी मिळविण्यासाठीं नांव नोंदवून वाट पाहत बसावें लागे. १४ डिसेंबर १९८३ रोजीं मारुती ८०० चें वितरण सुरू झालें, तेव्हां तिची किंमत ४७,५०० रुपयांच्या आसपास होती, आणि मध्यम स्थितींतील कुटुंबाची मोटार म्हणजे हीच, असें पुढें बरींच वर्षें समीकरण झालें. जानेवारी २०१४ मध्यें तीही बंद झाली. तेव्हांच्या गिऱ्हाइकास निवड करण्याचे कष्ट नव्हते. आज पांचपंचवीस नमुने समोर उभे असतात आणि विक्रेता प्रत्येक नमुन्याच्या चार प्रती दाखवितो. म्हणून मोजण्याचें काम गिऱ्हाइकाच्या अंगावर आलें आहे.

पहिलें माप माणसांचें. एक कुटुंब कल्पूं. आजोबा, आजी, कर्ता मुलगा, त्याची पत्नी, शाळेंत जाणारीं दोन मुलें आणि तिसरें पाळण्यांत. मोजणी सात भरते, आणि सात म्हटलें कीं सात आसनांची मोटार हें उत्तर लगेच तोंडांत येतें. परंतु मोटार घेण्यापूर्वीं तीन महिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोज एकच आंकडा लिहून ठेवावा : आज घरांतून एकाच वेळीं एकाच दिशेस किती माणसें गेलीं. आमच्या समजुतीप्रमाणें हा आंकडा बहुतेक दिवशीं तीन किंवा चार निघेल. सातही जणांनीं एकत्र जाण्याचे प्रसंग म्हणजे सण, लग्नकार्य, एखादी यात्रा. वर्षांतून दहाबारा दिवस. तेवढ्या दिवसांपुरती भाड्याची मोठी गाडी आणावी, आणि उरलेल्या साडेतीनशें दिवसांसाठीं पांच आसनांची आपली ठेवावी, हा हिशेब पुष्कळ घरांना लागू पडेल. ज्या घरीं आजोबांना आठवड्यांतून दोनदां दवाखान्यांत न्यावें लागतें व त्याच फेरींत मुलें शाळेंतून आणावयाचीं असतात, तेथें मात्र सहावें व सातवें आसन खरोखरच कामाला येतें.

येथें एक समजूत मोडून काढणें अवश्य आहे. मांडीवरचें मूल मोजावयाचें नसतें, असें आपल्याकडे सर्रास मानतात. ताशीं चाळीस किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एकाएकी आदळून थांबली, तर दहा किलो वजनाचें मूल कोणत्याही आईच्या हातांत राहणें शक्य नाहीं. तें अनेकपटींच्या जोरानें पुढें फेंकलें जातें. पुढच्या आसनावर तें बसविलें असेल तर एअरबॅगचा फुगाही त्याला घातकच. २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत १९४ ब हें कलम आलें, आणि चौदा वर्षांखालील मुलास पट्टा किंवा मुलांसाठीं केलेलें आसन नसल्यास एक हजार रुपये दंड ठरला. दंडाचें सोडा, पाळण्यांतलें मूल हें एक पूर्ण आसन अडवितें, असें धरूनच माणसें मोजलीं पाहिजेत. मुलाचें आसन अडकविण्याच्या आयसोफिक्स खुंट्या बहुधा मधल्या रांगेंतच असतात, तिसऱ्या रांगेंत नसतात. त्या तिसऱ्या रांगेंत गुडघेदुखीच्या आजोबांनाही चढतां येत नाहीं. म्हणजे तेथें बसणार तीं शाळकरी मुलेंच.

दुसरें माप गल्लीचें, आणि वसईच्या पश्चिम पट्ट्यांत हेंच सर्वांत कठीण. आपल्या गांवांतील आंतले रस्ते बैलगाडीच्या चाकोरीवर पडलेले. दोहों बाजूंस वाड्यांचीं कुंपणें, मधूनच विहीर, मधूनच एखाद्या ओट्याचा कोपरा. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर गाडीची रुंदी कळत नाहीं. यासाठीं एक सोपा उपाय असा कीं, सात फूट लांबीचा एक बांबू तोडावा आणि तो आडवा धरून आपल्या अंगणापासून मोठ्या रस्त्यापर्यंत चालत जावें. जेथें जेथें बांबू अडेल, तेथें तेथें मोटारीच्या पत्र्यास चरा पडणार हें निश्चित समजावें. ईकोची रुंदी १४७५ मिलिमीटर, म्हणजे पांच फुटांहूनही कमी. वॅगनआर १६२० मिलिमीटर. ट्रायबर व अर्टिगा दोन्ही १७३५ च्या जवळपास. त्यावर दोन बाजूंचे आरसे धरले कीं साडेसहा फूट झाले. कागदावर वॅगनआर व ट्रायबर यांत जेमतेम साडेचार इंचांचा फरक आहे, पण कुंपणाच्या वळणावर तो साडेचार हातांचा वाटतो. लांबीही पाहावी. वॅगनआर व ईको बारा फुटांच्या आसपास, ट्रायबर तेरा फूट, तर अर्टिगा साडेचौदा फूट आहे. काटकोनांत वळणाऱ्या गल्लीच्या तोंडाशीं अर्टिगास मागेंपुढें करून वळवावें लागेल, तेथें पहिल्या दोन एका दमांत वळतील.

ईकोचा एक गुण येथें सांगितलाच पाहिजे. तिचीं मागचीं दारें सरकून उघडतात. कुंपणाला खेटून गाडी उभी केली तरी माणूस उतरूं शकतें, पाटी काढतां येते. १९८४ पासून २०१९ पर्यंत चाललेल्या ओम्नीवर आपल्या बागायतदारांचा जीव जडला होता तो अशाच कारणांनीं, आणि ईको ही तिचीच धाकटी बहीण म्हणावयास हरकत नाहीं. पांच आसनी ईकोच्या मागें सामानास भरपूर जागा आहे. पण तिची उणीवही झांकून ठेवतां येत नाहीं : २०१६ मध्यें ग्लोबल एन्‌कॅप या संस्थेनें एअरबॅग नसलेल्या ईकोची टक्कर-चांचणी केली, तेव्हां प्रौढांच्या सुरक्षिततेसाठीं तिला एकही तारा मिळाला नाहीं. २०२५ सालीं तिला सहा एअरबॅग देण्यांत आल्या ही सुधारणा मोठी खरी, तथापि जुनी ईको स्वस्त मिळते म्हणून मुलांची ने-आण करण्यास घेणाऱ्यानें ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. आपल्या सरकारचा भारत एन्‌कॅप हा उपक्रम १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे. ज्या नमुन्याची चांचणी झाली आहे, त्याचे मुलांच्या सुरक्षिततेचे तारे वेगळे छापलेले असतात. ते मागून पाहावे.

ट्रायबर ही सात आसनी असून चार मीटरांच्या आंत बसविलेली गाडी आहे. तिची तिसरी रांग काढून ओट्यावर ठेवतां येते; तसें केल्यास मागें ६२५ लिटर सामानाची जागा मोकळी होते, आणि सातही आसनें लावलीं तर केवळ ८४ लिटर उरते, म्हणजे दोन पिशव्या. सुट्या रांगेमुळें ही गाडी आठवडाभर वाडीची व रविवारीं कुटुंबाची होऊं शकते. इंजिन मात्र ९९९ घन सेंटिमीटरचें आहे. सात माणसें भरून तुंगारेश्वराच्या चढावाला लागणाऱ्यानें घाई करूं नये. अर्टिगाचें इंजिन दीडपट आणि तिसरी रांग त्यांतल्यात्यांत बसण्याजोगी. परंतु तिच्यावर कराचा बोजा वेगळा पडतो.

तो कर असा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरांच्या आंतील व १२०० घन सेंटिमीटरांपर्यंतच्या पेट्रोल अथवा सी.एन्.जी. मोटारींवरील वस्तु व सेवा कर शेंकडा २८ व वर उपकर यांवरून शेंकडा १८ वर आला. त्याहून मोठ्या गाड्यांस शेंकडा ४०. म्हणून वॅगनआर, ईको, ट्रायबर एका बाजूस व अर्टिगा दुसऱ्या बाजूस, अशी वांटणी झाली आहे. २०२५ च्या अखेरीस पहिल्या दोहोंच्या अगदीं साध्या प्रतीची शोरूमची किंमत पांच लाखांच्या आसपास, ट्रायबरची पावणेसहा लाखांच्या पुढें, व अर्टिगाची पावणेनऊ लाखांच्या पुढें सुरू होत होती. यावर महाराष्ट्राचा रस्ताकर आहे. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीस तो शेंकडा ११ पडतो, सी.एन्.जी. मोटारीस त्याहून कमी. शिवाय विमा व नोंदणी. जाहिरातींतील आंकडा आणि एम्.एच्. ४८ ची पाटी लागेपर्यंत खिशांतून गेलेला आंकडा यांत लाखभराचें अंतर पडलें तर आश्चर्य मानूं नये.

आतां पैशाचा प्रश्न, जेथें खरा धोका आहे. मोटार ही वाडीसारखी वाढणारी मालमत्ता नव्हे. पहिल्या दिवसापासून तिची किंमत उतरत जाते. म्हणून वाडीची एखादी पट्टी विकून मोटार घेणें आम्हांस सर्वथा अनिष्ट वाटतें. गेल्या काहीं दशकांत या तालुक्यांत जमिनीचे भाव चढले, इमारती उठल्या, आणि पट्टी विकून आलेला पैसा चाकांवर फिरून संपल्याचीं उदाहरणें प्रत्येक गांवांत बोटांवर मोजतां येतील. मोटार पंधरा वर्षांत भंगारास जाते आणि पट्टी परत येत नाहीं. त्याचप्रमाणें गाडी उभी करण्यास जागा हवी म्हणून बावखल बुजवूं नये. दहा फूट रुंद व अठरा फूट लांब जागा पुष्कळ झाली. पांच फुटांच्या अंतरानें लावलेल्या केळीच्या हिशेबानें ती सात झाडांची जागा होते. तेवढा त्याग बागेनें करावा, पण ज्या पाण्यावर विहिरी तगतात तें पाणी मातीखालीं घालूं नये.

कर्ज काढावयाचें तर मुदत व व्याजाची रीत या दोन गोष्टी तपासाव्या. सहा लाख रुपये शेंकडा ९ च्या उतरत्या व्याजानें पांच वर्षांसाठीं घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारें १२,४५५ रुपये येतो आणि एकंदर व्याज १ लाख ४७ हजार भरतें. तेंच सात वर्षांसाठीं घेतलें तर हप्ता ९,६५३ होतो, व्याज मात्र २ लाख ११ हजारांच्या जवळ जातें. विक्रेता हप्त्याचा आंकडा सांगतो, व्याजाची बेरीज सांगत नाहीं. याहून फसवी गोष्ट म्हणजे सरळ व्याज. ‘फक्त सात टक्के’ असें म्हणून मूळ रकमेवर पांचही वर्षें व्याज आकारलें, तर त्याच सहा लाखांवर २ लाख १० हजार व्याज होतें आणि हप्ता १३,५०० पडतो. उतरत्या व्याजाच्या भाषेंत हा दर शेंकडा साडेबारा झाला! सात हा नऊपेक्षां कमी असें मानून सही करणारा गृहस्थ अशा रीतीनें साठ हजारांहून अधिक जास्त देतो. या तालुक्यांत सहकारी पतपेढीची परंपरा जुनी आहे; बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक १९१८ सालची. सात-बाराचा उतारा घेऊन दोन तीन ठिकाणीं विचारपूस करण्यास फार तर दोन सकाळी मोडतील.

शेतकऱ्याच्या मिळकतीस महिन्याची शिस्त नसते हेंही विसरतां कामा नये. फुलांचा भाव सणांत चढतो आणि पितृपक्षांत पडतो. एखाद्या वादळी रात्रींत केळी आडव्या होतात. हप्ता मात्र पांच तारखेस येतोच. म्हणून वाडीच्या सर्वांत वाईट महिन्यांत घरखर्च भागून जें शिल्लक राहतें, त्याच्या निम्म्यांत हप्ता बसला पाहिजे. बरकतीच्या महिन्यावरून हप्ता ठरविणाऱ्यास पुढें खताची उधारी वाढवून मोटार पोसावी लागते.

इंधनाविषयीं थोडक्यांत. सोयीसाठीं पेट्रोल लिटरला १०४ रुपये व गाडी लिटरला १८ किलोमीटर चालते असें धरूं; सी.एन्.जी. किलोला ८० रुपये व चाल २५ किलोमीटर. वर्षास दहा हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे सुमारें २५,८०० रुपये सी.एन्.जी. मुळें वांचतात, गाडीची वाढीव किंमत नव्वद हजार मानली तर ती साडेतीन वर्षांत वसूल होते. पण ज्याची गाडी शाळा, बाजार व दवाखाना एवढेंच करते, त्याचें वर्षाचें फिरणें चार हजारांच्या पुढें जात नाहीं, व त्याला वसुलीस साडेआठ वर्षांहून अधिक लागतील. शिवाय टाकीनें मागची जागा अडविली म्हणजे लोंगर ठेवावयाचा कोठें? मुलगा रोज मोटारीनें ठाण्यास किंवा अंधेरीस नोकरीला जात असेल तर सी.एन्.जी. अवश्य घ्यावी, एरवीं नाहीं. दादरच्या फुलबाजारास मोटारीनें जाण्याचा बेत मात्र कोणी करूं नये. जातांयेतां शंभर किलोमीटरांहून अधिक पडतात, आणि पहांटेची लोकल तें काम कितीतरी स्वस्तांत करते. विजेच्या मोटारी थोड्या फेऱ्यांच्या घरास सोयीच्या आहेत, पण किंमत अजून चढी आहे. घेतल्यास शेतीपंपाच्या सवलतीच्या जोडणीवरून ती भरूं नये. तें नियमास धरून नाहीं.

जुनी मोटार घेण्यास आम्ही प्रतिकूल नाहीं. किंबहुना पहिल्याच मोटारीसाठीं चारपांच वर्षें चाललेली गाडी हा शहाणपणाचा मार्ग होय. १ जानेवारी २०२२ पासून पुढच्या दोन्ही आसनांस एअरबॅग सक्तीच्या झाल्या. तेव्हां शक्यतों त्यानंतर तयार झालेली गाडी पाहावी. समुद्राच्या वाऱ्यानें अर्नाळा, राजोडी, रानगांव या पट्ट्यांत पत्रा लवकर गंजतो, म्हणून मिस्त्रीकडून गाडी वर उचलवून खालचा भाग तपासून घ्यावा. गालिचा उचलून हाताला चिखलाची बारीक भुकटी लागते का, पट्टा पूर्ण ओढून काढल्यावर त्याच्या टोंकाशीं पाण्याची रेघ दिसते का, हें पाहावें. पुराच्या पाण्यांत बुडालेली गाडी बाहेरून धुवून चकचकीत करतां येते, पण पट्ट्याच्या टोंकापर्यंत कोणी धुवीत नाहीं. २९ व ३० नंबरचे अर्ज, कर्ज फिटल्याचें बँकेचें पत्र व ३५ नंबरचा अर्ज हातीं आल्यावांचून शेवटचा पैसा देऊं नये. विमा आपल्या नांवावर करण्याचा अर्ज चौदा दिवसांत करावा लागतो.

पुराचा उल्लेख केलाच आहे, तर जुलै २०१८ ची आठवण करून देतों. त्या वेळीं वसई व नालासोपाऱ्याच्या सखल भागांत पाणी भरून आगगाड्याही बंद पडल्या होत्या. अशा पाण्यांत इंजिन बंद पडलें, तर पुन्हां किल्ली फिरवूं नये. नळीवाटे आंत शिरलेलें पाणी दबत नाहीं आणि दट्ट्याचा दांडा वाकतो. ही मोडतोड साध्या विम्यांत भरून मिळत नाहीं, त्यासाठीं इंजिनाचें वेगळें कलम विमा उतरवितांनाच घालावें लागतें. गाडी ढकलून उंचवट्यावर आणावी, बॅटरीची तार सोडावी, आणि पाणी ओसरल्यावर ती ओढून मिस्त्रीकडे न्यावी.